झाडांची भाऊबंदकी : जव्हार-मोखाड्याच्या रानात कोण जिंकतं आणि का

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे, फक्त पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं गाळली आहेत. ऐकायचं असेल तर वरची पट्टी दाबा, वाचायचं असेल तर पुढे चला.)

मी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. शेती करतो, आणि गेली काही वर्षं आमच्या ग्रामसभेच्या वनहक्क समितीचं लिहिण्या-मोजण्याचं काम माझ्याकडे आहे. जंगलाबद्दल बोला म्हणून मला इथे बोलावलंय. जंगलावरच्या भाषणात झाडं लावा, झाडं जगवा हे येतंच. मी आज बोलणार आहे ते झाडं कापण्याबद्दल. घाबरू नका, शेवटपर्यंत ऐका.

आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे गावाच्या हद्दीतलं जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचा कारभार बघायचा अधिकार ग्रामसभेला आहे. अधिकार मिळाला तेव्हा आम्ही ढोल वाजवले, तारपा वाजवला. मग आराखडा करायची वेळ आली आणि भांडण सुरू झालं. भांडण असं, की गावामागच्या टेकडीवर सागाच्या जुन्या खुंटांवर फुटवे दाटलेत, त्यातले जादा फुटवे काढायचे की राहू द्यायचे? पावसाआधीच्या सभेत हा विषय आहे. माझे बाबा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. घरात दोन दिवस जेवताना कोणी कोणाशी बोललं नाही.

तर ते भांडण नीट समजावं म्हणून आधी टेकडी दाखवतो.

मार्चमधली टेकडी

तुम्ही जव्हारहून मोखाड्याकडे, पुढे त्र्यंबकच्या वाटेला पावसाळ्यात आला असाल. दाभोसा धबधबा बघायला आला असाल. तेव्हा सगळं हिरवं दिसतं आणि माणूस म्हणतो, काय जंगल आहे! तुम्ही मार्चमध्ये या. साग, सावर, पळस यांची पानं गळलेली असतात आणि रान आरपार दिसतं. अंगावरचे कपडे काढून वैद्यासमोर उभं राहिल्यासारखं असतं ते. रानाची तब्येत तेव्हा कळते.

काय दिसतं? टेकडीवर सागाच्या काठ्या. हाताच्या, फार तर मांडीच्या जाडीच्या. सगळ्या साधारण एकाच उंचीच्या. जवळ जाऊन बघितलं तर चार-पाच काठ्या एकाच खुंटातून निघालेल्या. मधेमधे ऐन, पण त्याला फांद्याच नाहीत. उभा खांब आणि त्यावर गाठी, गाठींतून झुबके. खाली कुडा, करवंद, मुरुडशेंग, आणि जिथे ऊन पडतं तिथे घाणेरी. जमिनीवर सागाची मोठी वाळकी पानं.

आता तिथून खाली ओहोळाकडे या, जिथे गावदेवाची, वाघोबाची जागा आहे. तिथे कोणी कोयता घेऊन जात नाही. तिथला बेहडा दोघांच्या कवेत मावत नाही. त्याच्याखाली आंबा, जांभूळ. त्याखाली आवळा, कुंभा. त्याखाली पोरसवदा झाडं. त्याखाली रोपटी. आणि वर चढलेली उक्षीची वेल. माळ्यावर माळा असलेलं घर असतं तसं.

टेकडी आणि देवाची जागा यांत अंतर किती? हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. पाऊस एकच, खडक एकच. मग एका जागी घर आणि दुसऱ्या जागी नुसता खांबांचा मांडव, असं का? याचं उत्तर झाडांच्या आपसातल्या चढाओढीत आहे, आणि त्या चढाओढीत आपण माणसांनी कोणाला हात दिला त्यात आहे.

वरची लढाई आणि खालची लढाई

झाडाला हलता येत नाही. शेजाऱ्याशी पटत नाही म्हणून ते दुसऱ्या पाड्यावर राहायला जात नाही. जिथे उगवलं तिथेच त्याला मिळवायचं असतं. आणि मिळवायचं काय? मुख्य दोन गोष्टी. उजेड आणि पाणी.

उजेडाची लढाई एकतर्फी असते. जो वीतभर उंच, तो वरून येणारं ऊन आधी खातो. खालच्याला उरलंसुरलं. बरं, उंच असलेला त्या उन्हावर आणखी उंच होतो. म्हणजे सुरुवातीला थोडा पुढे असलेला पुढे जातच राहतो. आपल्याकडे म्हणतात ना, बळी तो कान पिळी.

पाण्याची लढाई वेगळी. जमिनीखाली कोणी कोणाच्या डोक्यावर उभं राहत नाही. ज्याची मुळं जेवढी, तेवढा त्याचा वाटा. बारक्यालाही थोडं मिळतं, पण थोडंच.

आता आपल्या भागाची गंमत अशी, की या दोन लढाया वर्षात आळीपाळीने होतात. जून ते सप्टेंबर आमच्याकडे धो धो पाऊस. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर. तेव्हा पाण्याला तोटा नाही, पण ढगांमुळे उजेड कमी. त्या चार महिन्यांत सगळे उजेडासाठी भांडतात. दिवाळी झाली की पाऊस संपतो. आमची जमीन म्हणजे बेसाल्टच्या खडकावरचा मातीचा पातळ थर. पाणी धरून ठेवायला जागाच नाही. माघ-फाल्गुनात झरे आटतात, मोखाड्यात टँकर सुरू होतात. मग जमिनीखालची लढाई सुरू होते.

या दुसऱ्या लढाईत झाडं काय करतात? बरीचशी सरळ पानं गाळून बसतात. साग तेच करतो. पण काही झाडं ऐन उन्हाळ्यात पालवतात. कुसुम बघा, मार्च-एप्रिलमध्ये लालभडक पालवी. मोह फुलून झाला की तांबूस पानं काढतो. बाहेर पाणी नसताना पालवी काढायची म्हणजे मुळं खोल गेलेली असणार. म्हणून मिश्र रान जास्त टिकाऊ. सगळे एकाच वेळी एकाच थरातलं पाणी मागत नाहीत. नुसता साग असला की सगळ्यांची भूक एकाच वेळी, एकाच ताटात.

एका खुंटाची भाऊबंदकी

आता त्या चार-पाच काठ्यांकडे येऊ.

साग कापला तरी मरत नाही. खुंटाच्या बाजूने कोंब फुटतात, आणि खाली जुनी, मोठी मुळं तयार असल्यामुळे ते कोंब बियातून आलेल्या रोपापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतात. हाच फुटवा. पण एका खुंटाला एक कोंब येत नाही, सात-आठ येतात. मुळं एक, वाटेकरी आठ. बापाची दोन एकर आणि आठ भाऊ. पुढे काय होतं ते जव्हार-मोखाड्यात कोणाला सांगायला नको. काही मागे पडतात, वाळतात. तीन-चार उरतात, पण एकालाही अंग धरता येत नाही. उजेडासाठी सगळे नुसते उंच होत जातात. उंच आणि बारीक.

यात काय धोका आहे ते मी स्वतःच्या जागेत बघितलं. आमच्या मालकीच्या तुकड्यात बाबांनी साग लावला होता. रोपं दाट लावली, दोन-दोन हातांवर, आणि एकही काढलं नाही. बाबांचं म्हणणं, लावलेलं झाड कापायचं नसतं. झाडं सरसर वर गेली, आम्हाला आनंद. मग १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. आमच्याकडे वाऱ्याने घरांची कौलं उडाली, पत्रे उडाले. आणि तुकड्यातली ती उंच, बारीक झाडं ओळीने वाकली, काही अर्ध्यातून मोडली. बांधावर एक साग एकटाच वाढलेला होता. जाड, बुटका, फांद्या पसरलेला. त्याच्या फांद्या तुटल्या, झाड तसंच उभं. मी दुसऱ्या दिवशी त्या बांधावर बराच वेळ बसलो होतो.

या गोष्टीला शास्त्रात जुना हिशेब आहे. १९३३ मध्ये रायनेकी नावाच्या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने दाट, एकाच वयाच्या जंगलांची मोजणी मांडली. त्याला दिसलं, की झाडं वाढतात तशी त्यांची संख्या एका ठराविक दराने घटते. सरासरी व्यास दुप्पट झाला, की झाडं साधारण एक तृतीयांश उरतात. म्हणजे तीनशे असतील तर शंभर. बाकीची दोनशे कोणी तोडली? कोणीच नाही. शेजाऱ्यांनीच मारली. १९६३ मध्ये जपानमध्ये योदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच नियम दाट वाढलेल्या रोपांबद्दल मांडला.

म्हणजे विरळणी ही होतच असते. आपण केली नाही तरी रान स्वतः करतं. फरक एवढाच, की रान सावकाश करतं. त्यात वर्षानुवर्षं सगळीच झाडं उपाशी, बारीक राहतात, आणि त्या काळात वादळ किंवा कीड आली तर सगळ्यांनाच फटका. परसात मुळा पेरला तर आपण मधली रोपं उपटतो की नाही? उपटलेल्याची भाजी करतो. तिथे कोणी म्हणत नाही की मुळ्याची हत्या झाली.

राब, कूप आणि वणवा

पण मंडळी, टेकडीवर साग आणि सागच का? इथे माणसाचा हात आहे.

पहिला हात राबाचा. बाहेरच्यांसाठी सांगतो. राब म्हणजे भात-नागलीची रोपं करायच्या जागेवर शेण, झाडांची छाटलेली डहाळी, गवत, पालापाचोळा आणि वर माती असे थर देऊन उन्हाळ्यात ते जाळायचं. त्याने तणाचं बी मरतं, राख मिळते, माती भुसभुशीत होते. पहिल्या पावसात तिथे बी टाकायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे, आणि डोंगरउतारावरच्या गरीब जमिनीत ती उगाच आलेली नाही. पण राबाला डहाळी कुठून आणायची? मुख्यतः ऐनाची. सागाला हात लावायची भीती, कारण साग म्हणजे सरकारी झाड, तो तोडला की गुन्हा. हे आमच्या मनात कित्येक पिढ्यांपासून बसलेलं. तर झालं असं, की दर उन्हाळ्यात ऐनाच्या फांद्या गेल्या आणि शेजारचा साग शाबूत राहिला. पावसात उजेडाची लढाई सुरू झाली की साग पूर्ण पानांनिशी मैदानात, आणि ऐन बिचारा हात तोडलेला. आपणच एका पैलवानाचे हात बांधले आणि मग म्हणालो, दुसरा जिंकला.

दुसरा हात कुपांचा. इथलं लाकूड आणि कोळसा शहरांकडे गेला. ठेकेदारांच्या काळात झाडतोडीला वारल्यांना कसं राबवलं जायचं, हा १९४५ च्या वारली उठावातला मोठा विषय होता. १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या, ठेकेदाराच्या जागी आदिवासींची सोसायटी कूप तोडू लागली. मजुरीच्या दृष्टीने ते मोठं पाऊल होतं. १९४८ मध्ये जव्हार संस्थान विलीन झालं आणि संस्थानाचं रानही सरकारी कारभारात आलं. पण ठेकेदार असो की सोसायटी, कूप तोडलं की रानाच्या रचनेवर परिणाम एकच. सगळा तुकडा एकाच वेळी मोकळा, आणि मग एकाच वेळी फुटवा. म्हणून आज सगळ्या काठ्या एका वयाच्या. सागाला उघडं ऊन लागतं, सावलीत त्याचं रोप वाढत नाही. मोकळा तुकडा म्हणजे सागाला आंदणच.

तिसरा हात वणव्याचा. मोहाची फुलं वेचायला झाडाखालची जागा साफ हवी म्हणून पाला पेटवतात. गवत चांगलं फुटावं म्हणून पेटवतात. कधी विडीचं थोटूक. जाळ खाली खाली पळतो, मोठी झाडं मरत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही. पण रोपटी सगळी जातात. त्यातही सागाचं रोप वरून जळलं तरी मुळातून पुन्हा उठतं. दर वर्षी वर मरतं, खाली मूळ जाड होत जातं, आणि एक वर्ष जाळ आला नाही की झपाट्याने वर निघतं. सागाची ही सवय जुन्या वनअधिकाऱ्यांना ब्रह्मदेशात कळली होती. तिथे त्यांनी ओलसर सागवनांत आग पूर्ण बंद करून बघितली, तर सागाची नवी पिढीच कमी झाली आणि दुसरी झाडं माजली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. आपल्याकडे उलटं चाललंय. वारंवार आग, म्हणून साग पुढे.

हरतंय कोण?

तुम्ही म्हणाल, साग जिंकला तर जिंकू दे. किमती लाकूड आहे. वाईट काय?

मी हरणाऱ्यांची यादी सांगतो. मोह, ऐन, बिवळा, टेंभुर्णी, हेद, कळंब, आवळा, कुसुम. आता विचारा, आमच्या घरात काय येतं यांच्याकडून. मोहाची फुलं, मोहाच्या बियांचं तेल. आवळा. टेंभुर्णीची फळं, विडीची पानं. ऐनाचा राब आणि सरपण. आणि सागाकडून? इमारती लाकूड, ज्यावर वनहक्क कायद्याने आम्हाला हक्क नाही. कायद्यात हक्क आहे तो गौण वनोपजावर. म्हणजे रानात जेवढा साग वाढतो तेवढं आमच्या हक्काचं रान कमी होतं. कागदावर क्षेत्र तेवढंच, टोपलीत मात्र कमी.

मोहाची गोष्ट सर्वात वाईट. मोहाची मोठी झाडं आहेत, आज्या-पणज्यांनी राखलेली, शेतात एकेकटी उभी. पण त्यांची पोरं कुठे आहेत? बी आपण तेलासाठी वेचून नेतो. जे राहतं आणि उगवतं ते आगीत जातं. जे वाचतं ते शेळी खाते. चांगल्या रानात बारकी झाडं सर्वात जास्त, मधली त्याहून कमी, मोठी थोडी, अशी उतरंड असते. मोहाची उतरंड उलटी झाली आहे. दिवाळीनंतर आमचे पाडे बघा. तरणी माणसं वीटभट्टीवर, भिवंडीला, वसईला. पाड्यावर म्हातारी माणसं. मोहाचा पाडा बारा महिने तसाच झालाय.

आणि पाणी. सागाची पानं केवढाली. त्यावर पावसाचे थेंब एकत्र होऊन मोठे थेंब खाली पडतात. खाली झुडपं आणि पाला असेल तर ते अडतात. पण खालचा पाला जाळून टाकलेला असेल, मधले माळेच नसतील, तर ते थेंब उघड्या मातीवर आदळतात आणि माती घेऊन जातात. नुसत्या सागाच्या दाटीत हा त्रास ठिकठिकाणी दिसलेला आहे. आमच्याकडे माती मुळात वीतभर. ती गेली की झऱ्याला पाणी कोण पुरवणार? हंडा घेऊन चालत जाणाऱ्या बायांना रानाची रचना हा शब्द माहीत नसेल, पण तिचा परिणाम त्यांच्या डोक्यावर असतो.

हिमालयातली जुळी गोष्ट

हे आपलंच नाही. उत्तराखंडात बांज नावाचं झाड आहे, ओकच्या जातीचं. आपल्या सह्याद्रीत ओक नाही, पण बांजाची कहाणी ऐकली की मला आमचा ऐन आठवतो. बांजाची पानं जनावरांना चारा, गोठ्यात अंथरायला, मग खत म्हणून शेतात. म्हणून बांज छाटला जातो. शेजारी चीड, म्हणजे पाइन. त्याला सरकारने लाकूड आणि राळेसाठी जपलं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि आग त्याला फारशी बाधत नाही. छाटलेल्या बांजाला मोकळ्या जागेत चीड मागे टाकतो. तिथल्या बाया सांगतात, बांज असेल तिथे झऱ्याला पाणी. १९७३ नंतर चिपको आंदोलनात रानासाठी उभ्या राहिलेल्या या बाया. छाटला जाणारा उपयोगी भाऊ हरतो आणि राखलेला किमती भाऊ जिंकतो, ही गोष्ट दोन डोंगरांत सारखीच आहे.

खड्डे मोजणारे

आता झाडं लावण्याबद्दल एक शब्द. आपल्या राज्यात २०१६ ते २०१९ मोठी मोहीम झाली. पहिल्या वर्षी २ कोटी, मग ४, मग १३, मग ३३ कोटी रोपांचं लक्ष्य. रोपं लावणं वाईट नाही. उघड्या माळावर लावायलाच हवीत. पण आकडा धरून बसलं की एक चूक होते. दोन मीटरवर एक रोप लावलं तर हेक्टरी २,५०० रोपं बसतात. आता पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर दहा मीटर धरा. हेक्टरी शंभर झाडं मावतात. उरलेल्या २,४०० चं काय? त्यातली बरीच जाणारच आहेत. मग कोणती जायची, कोणती राहायची, हे कोणी ठरवलंय का? लागवडीचा फोटो निघतो. विरळणीचा फोटो कोणी काढत नाही, कारण त्यात माणसाच्या हातात कोयता दिसतो.

आमच्या सभेतले प्रश्न

तर मी सभेत काय मांडणार आहे ते सांगतो. टेकडीचे तीन भाग करायचे. एका भागाला हात लावायचा नाही, तुलनेसाठी तसाच ठेवायचा. दुसऱ्या भागात प्रत्येक खुंटावर सर्वात सरळ, सर्वात खालून फुटलेले एक-दोन फुटवे ठेवायचे, बाकीचे बारके काढायचे. खालून का? वरच्या बाजूला, कुजक्या खुंटावर फुटलेल्याच्या पोटात पुढे कूज शिरते. तिसऱ्या भागात जिथे ऐन, बिवळा, टेंभुर्णी, मोहाचं एखादं पोर सापडेल तिथे त्याच्या डोक्यावरचा सागाचा फुटवा बाजूला करायचा. त्याच्याभोवती पाला ओढून जाळरेषा करायची. आणि हे सगळं आराखड्यात लिहून, वनखात्याशी बोलूनच करायचं, कारण उद्या कोणाच्या पोरावर तोडीचा गुन्हा लागायला नको.

बाबांचा आक्षेप मी आधी सांगतो, कारण तो वजनदार आहे. ते म्हणतात, "आज तुम्ही नियमाने कापाल. पण एकदा कोयता टेकडीवर चढला की उद्या तो कोणाचं ऐकणार? सागाच्या नावाखाली सगळंच जाईल." त्यांनी कुपाची तोड बघितली आहे, मी नाही. त्यांच्या या बोलण्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. म्हणून मी सुचवलं, की काढायच्या फुटव्यांवर आधी गेरूची खूण करायची, आणि खूण करायला म्हातारी माणसं जातील. ज्यावर खूण नाही त्याला हात नाही. निघालेलं बारकं लाकूड घराघरांत सरपण म्हणून वाटायचं, विकायचं नाही.

दुसरा प्रश्न आमच्या एका आजींनी विचारला. त्या म्हणाल्या, "ऐन वाढवशील, बरं. मग राबाला काय घालू? तुझं पुस्तक?" सगळे हसले. पण प्रश्न खरा आहे. ऐन वाढू द्यायचा तर त्याला विश्रांती हवी, म्हणजे या वर्षी या ऐनाची डहाळी, पुढच्या वर्षी त्या, अशी पाळी लावावी लागेल. आणि राब थोडा कमी लागेल असं बघावं लागेल. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला शेतात घालायची पद्धत आहे. नेरळच्या सगुणा बागेतून निघालेल्या पद्धतीत भाताची रोपं न करता गादीवाफ्यावर थेट टोकणी करतात, म्हणजे राबाची गरजच पडत नाही. पण त्यात तणनाशक येतं, त्याचा खर्च येतो आणि आमच्या उताराच्या जमिनीत ती किती बसेल ते करून बघायला हवं. एका घरावर ओझं टाकून रान वाचवायचं असेल तर ते वाचणार नाही, हे मला त्या आजींमुळे कळलं.

तुमच्यासाठी एक काम

आता तुम्हाला एक काम देतो. चाळीस मीटर दोरी घ्या. आपल्या रानात, राईत, अगदी शहराजवळच्या टेकडीवर, दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखा. आतलं प्रत्येक झाड मोजा. तीन रकाने करा : बोटाएवढं, मनगटाएवढं, मांडीएवढं आणि त्याहून जाड. प्रत्येकासमोर नाव लिहा. नाव माहीत नसेल तर आजीला विचारा. मग बघा, कोणत्या झाडाचे म्हातारे आहेत पण पोरं नाहीत. कोणत्याची सगळी एका वयाची आहेत. कोण कोणाच्या सावलीत अडकलंय. हे काम मार्च-एप्रिलमध्ये केलं तर उत्तम. शाळेतली पोरं अर्ध्या दिवसात करतात, आणि त्यांना ते खेळासारखं आवडतं.

आम्ही हा चौकोन टेकडीवर आणि वाघोबाच्या जागेत, दोन्हीकडे आखला. देवाच्या जागेत जाताना चप्पल बाहेर काढली, नारळ ठेवला, मगच दोरी लावली. बाबा सोबत होते. मोजणी झाल्यावर त्यांनी कागद बघितला नाही. फक्त टेकडीवरच्या एका खुंटाजवळ बसले, फुटवे हाताने चाचपले, आणि म्हणाले, "हा ठेव. हा आणि हा काढलास तर चालेल."

सभा अजून व्हायची आहे. काय ठरतं ते पुढच्या भागात सांगेन. ठराव माझ्या विरोधात गेला तरी सांगेन.

तोवर रानात जाल तेव्हा काडी खिशात ठेवा. भेटू. जोहार.